सगळे गडी सारखेच चालतात

तळीयेवर दरड आली त्या पावसानंतर आई घरात एकटी राहीना. तशी मी होते सोबत, पण नववीतली पोर म्हणजे तिच्या लेखी कुणी आधाराचं माणूस नव्हतं. आमचं घर वरंधच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, मागे डोंगर. वडील मुंबईला गोदामात कामाला. ते गणपतीला आणि शिमग्याला यायचे. म्हणून दादाला बोलावून घेतलं. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मुंबईत एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तो काम शिकत होता. गणपती झाले, वडील परत गेले आणि दादा राहिला.

येताना त्याने एका पिशवीत कपडे आणले होते आणि दुसरीत, टॉवेलात गुंडाळून, व्हिडिओ गेमचं एक जुनं यंत्र. दुकानात कुणीतरी दुरुस्तीला टाकलं आणि परत न्यायला आलंच नाही, असं त्याने सांगितलं. सोबत दोन रिमोट आणि एकच डिस्क. तो मारामारीचा खेळ होता आणि त्यातली सगळी अक्षरं जपानी होती. मला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं. दादाने मात्र मुंबईत खेळून खेळून सगळं पाठ केलेलं. कुठे काय लिहिलंय ते तो मला सांगायचा आणि मी ते खरं धरून चालायचे. दुसरं करणार काय?

खेळ साधा होता. दोघांनी एकेक गडी निवडायचा. दोन्ही गडी समोरासमोर उभे राहतात, मागे दोन्ही बाजूंना भिंत असावी तशी हद्द, आणि ज्याच्या अंगातला जीव आधी संपेल तो हरला. निवडायला पुष्कळ गडी होते, पण पहिल्या आठवड्यातच दादाने वाटणी करून टाकली. त्याच्याकडे दोन आखूड सुऱ्या घेतलेली एक सडपातळ पोरगी. माझ्याकडे एक पैलवान, उघडा, पोट सुटलेला, मान नसलेला. त्याला आम्ही रेडा म्हणायचो. दादाच्या गड्याला नुसतंच पोरगी.

"ज्याचा त्याचा गडी ठरलेला असतो," दादा म्हणाला. "सारखा बदलला तर हात बसत नाय."

संध्याकाळी भात चुलीवर ठेवून आई पडवीत बसायची आणि आम्ही दोघं टीव्हीपुढे. मी रोज हरायचे. रेडा पाऊल उचलायचा तोवर पोरगी येऊन, दोन वार करून, परत आपल्या जागेवर गेलेली असायची. मी एकदा म्हटलं, "दादा, हा लय हळू चालतो."

"सगळे गडी सारखेच चालतात गो," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "हा अंगानं मोठा दिसतो म्हणून तुला हळू वाटतो. बैलगाडी नाय का, लांबून बघितली की जाग्यावरच हाय असं वाटतं, तसं. चालतात सारखेच. तुझा अंगठा जड हाय."

मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं ते.

शिवाय एक पुरावाही होता. पोरगी चालता चालता मध्येच झेप घ्यायची. पुढच्या बाजूचं बटण पटकन दोनदा दाबलं की गडी झेपावतो, हे दादानेच मला सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. मी तसं करायचे. रेडा झेपावायचा नाही. नुसता एक पाऊल टाकून उभा. पुन्हा करायचे, तरी तेच. दादा माझ्या हातातून रिमोट घ्यायचा, अंगठा बटणावर रोवून, दात आवळून दोनदा दाबायचा आणि रेडा झेपावायचा. "बघ. रिमोट चांगला हाय. अंगठ्यात जोर पायजे आणि चपळाई पायजे. दोन्ही एकदम."

मी सराव केला. शाळेत जाताना दप्तराच्या बकलावर, अभ्यासाला बसले की काड्यापेटीवर, जेवताना ताटाच्या काठावर अंगठा दोनदा आपटायचे. आई ओरडायची. अंगठ्याच्या पेराला घट्टा पडला. तरी महिन्यातून एखाद्या वेळी चुकून रेडा झेपावला तर झेपावला. तेव्हा मी इतकी दचकायचे की पुढचा वार खायचेच.

"जड" हा शब्द आमच्या घरात तिथून आला आणि राहिला. दादा मुद्दाम दुखवायला म्हणायचा नाही, हसत म्हणायचा. मग आई म्हणू लागली. हातातून कप निसटला की, "जड हाताची गो तू." शेजारच्या काकी आल्या की त्यांनाही सांगून झालं की आमची पोर शांत आहे, सावकाश आहे, भाऊ बघा कसा विजेसारखा. मीही तेच म्हणू लागले. दहावीच्या वर्षी शाळेच्या बाईंनी खो-खोच्या संघात माझं नाव घातलं. पोलादपूरला सामने होते. मी आदल्या दिवशी जाऊन सांगितलं, "बाई, मला नको. मी जड आहे."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी तेव्हा काटकीसारखी होते. "कोण म्हणतं?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

मुली टेम्पोतून पोलादपूरला गेल्या. मी वर्गात बसून भूगोलाचा धडा उतरवला.

इतकं हरूनही मी खेळत का राहिले? एक म्हणजे दादा घरात होता आणि माझ्याशी बोलत होता. तो मुंबईला गेला तेव्हा मी लहान होते. भाऊ म्हणजे सणाला येणारा आणि फोनवर "अभ्यास कर" म्हणणारा माणूस. आता तो रोज संध्याकाळी माझ्या शेजारी मांडी घालून बसत होता. दुसरं म्हणजे, रेड्याला घेऊन मला हळूहळू काहीतरी कळायला लागलं होतं.

पाठलाग करून उपयोग नाही, हे आधी कळलं. मग कळलं की या खेळात मागे सरकणं आणि वार अडवणं एकाच बटणावर असतं. मागचं बटण दाबून ठेवलं की गडी मागे सरकतो आणि समोरचा वार आला तर तो हातावर झेलतो. म्हणजे पुढे चालणारा प्रत्येक गडी तेवढा वेळ उघडा असतो. चालणं म्हणजे धोका पत्करणं. झेप तर त्याहून धोक्याची, कारण एकदा घेतली की ती पुरी होईपर्यंत थांबता येत नाही. आणि पोरगी झेपेच्या शेवटी क्षणभर पाय रोवून उभी राहते. तेवढ्या क्षणात तिला काहीच करता येत नाही. मी त्या क्षणाची वाट बघायला शिकले. पोरगीचा पाय कुठवर पोचतो, सुरी कुठवर पोचते, ती एका पावलात किती मागे जाते, हे सगळं मला डोळे मिटून सांगता आलं असतं. रेड्याची एकच गोष्ट जबर होती: जवळ आलेल्याला तो उचलून आपटायचा आणि अर्धा जीव घ्यायचा. पण त्याला जवळ जायचं तर हळूहळू, पाऊण पाऊल पुढे, अर्धं मागे, असं सरकावं लागे. मी तशी सरकायचे. फेऱ्या लांबायला लागल्या. दादा अधूनमधून घाम पुसायचा. पण शेवटचं पाऊल कायम कमी पडायचं. ते झेपेनेच भरून निघणारं होतं आणि झेप माझ्या अंगठ्यात नव्हती.

बारावी झाल्यावर मी महाडला कॉलेजात आले आणि मावशीकडे राहू लागले. वर्गात एक मैत्रीण मिळाली, महाडचीच. तिच्या घरी पुराच्या सालापासून टीव्ही, कपाट, गाद्या, सगळं वरच्या मजल्यावर. खाली नुसत्या खुर्च्या आणि भिंतीवर पाण्याची पिवळी रेघ. वर गेले तर टीव्हीखाली तसंच यंत्र. त्याच खेळाची डिस्क तिच्याकडेही होती, फक्त इंग्रजीतली.

"खेळतेस?" तिने विचारलं.

"खेळते. पण मला येत नाही. अंगठा जड आहे माझा."

तिने हसून रिमोट दिला. मी सवयीने रेडा घेतला. फेरी सुरू झाली आणि मी सवयीनेच पुढचं बटण दोनदा दाबलं, काड्यापेटीवर दाबायचे तसं, काही अपेक्षा न ठेवता. रेडा झेपावला.

माझ्या हातून रिमोट मांडीवर पडला.

"काय झालं गं?"

"पळाला," मी म्हटलं.

"मग? पळणारच ना."

मी रिमोट उचलून पुन्हा दाबलं. पुन्हा झेप. पुन्हा. मी भिंतीपर्यंत झेपावत गेले आणि तिथून उलट्या झेपा घेत आले. मैत्रीण आपला गडी बाजूला उभा करून माझ्याकडे बघत राहिली. मला हसू येत होतं. तेव्हा अजून फक्त आनंदच होता. वाटलं, महाडच्या हवेने अंगठा सुटला असेल.

मग खेळताना मी तिला म्हटलं की झेप सोडली तर सगळे गडी सारखेच चालतात, तेव्हा नुसतं चालूनही तिच्या गड्याला मला गाठता यायला हवं. तिने खेळ थांबवला.

"सारखे चालतात? कोण म्हणालं?"

"भाऊ."

"अगं, कसं शक्य आहे? इकडे बघ." तिने सरावाची जागा उघडली. आमच्या डिस्कमध्येही ती असणार, पण ती जपानी अक्षरांमागे होती आणि दादाने कधी उघडून दाखवली नव्हती. तिथे जमिनीवर फरशीसारख्या चौकटी आखलेल्या होत्या. तिने एका बाजूला पोरगी घेतली, मी रेडा. "आता दोघी एकदम पुढचं बटण दाबून धरू. मारायचं काही नाही. नुसतं चालायचं. कुणाचा गडी मधली रेघ गाठतो ते बघू."

आम्ही बटणं दाबून धरली. पोरगी मधली रेघ ओलांडून माझ्याकडच्या अर्ध्या भागात आली आणि रेड्याला येऊन थडकली. रेडा तेव्हा कुठे दुसऱ्या चौकटीत पाय टाकत होता.

"पडदा सेकंदाला साठ वेळा नवं चित्र काढतो," ती समजावत होती. तिला असल्या गोष्टींची आवड होती. "प्रत्येक चित्रात गडी किती सरकणार ते आधीच ठरवलेलं असतं. हिला जास्त दिलंय, ह्याला कमी. त्यात तुझ्या अंगठ्याचा काही संबंध नाही. बटण हळू दाब, जोरात दाब, गडी त्याच चालीने चालणार. उलट चालतानाही तसंच. बहुतेक गडी मागे जाताना पुढच्यापेक्षा सावकाश जातात, पण ही मागे जाताना सुद्धा तुझ्या रेड्याच्या पुढे येण्यापेक्षा भरभर जाते. म्हणजे तिला पळायचं असेल तर तू तिला नुसतं चालून धरूच शकत नाहीस. ती चुकली तरच."

ती पुन्हा पुन्हा वेगवेगळे गडी उभे करून चालवून दाखवत राहिली. प्रत्येकाची चाल निराळी. कुठलेही दोन सारखे नव्हते.

"त्याला माहीत नसेल गं," माझा चेहरा बघून ती शेवटी म्हणाली.

त्याला माहीत होतं. मला ते तिथे बसल्या बसल्या कळलं, कारण त्याने एकदाही, चुकूनही, माझ्या हातात पोरगी दिली नव्हती. पण चालीपेक्षा मला झेपेने जास्त छळलं. चाल खेळातच कमी होती, ते खेळ बनवणाऱ्याने ठरवलं. झेप मात्र इथे पहिल्या दाबाला आली. अंगठा तोच होता.

त्या शनिवारी मी बसने घरी गेले. दुपारची वेळ. दादा बिरवाडीला होता. तिथे त्याने एका दुकानाच्या कोपऱ्यात मोबाईल दुरुस्तीचं टेबल टाकलं होतं. आई मागच्या दारी कुळीथ पाखडत होती. मी दादाच्या डब्यातला बारीक पेचकस घेतला आणि माझा रिमोट उलटा करून खोलला. आत बटणांखाली रबराचं एक पातळ पान असतं आणि त्याला खालून काळे गोल ठिपके. बटण दाबलं की ठिपका खालच्या पट्टीला टेकतो आणि खेळाला कळतं. डावीकडच्या आणि उजवीकडच्या ठिपक्यांवर पारदर्शक टेपचे तुकडे चिकटवलेले होते. अर्ध्या ठिपक्यावर टेप, अर्धा उघडा. नीट कापलेले, गोलाईला गोलाई जुळवून. दाबून धरलं की रबर चेपून उघडा अर्धा भाग टेकायचा आणि गडी चालायचा. पण पटकन दोनदा टिचकी मारली तर एखादी टिचकी हमखास वाया जायची. वरच्या आणि खालच्या ठिपक्यांना टेप नव्हती. दादाचा रिमोट मी खोलला. त्यात काहीच नव्हतं.

मी ते रबराचं पान हातात घेतलं. टेप कडेला पिवळी पडली होती.

दादा चहाच्या वेळी आला. दारात बूट काढताना त्याने खोललेले रिमोट बघितले आणि तिथेच थांबला.

"हे काय हाय?" मी विचारलं. घरात पाय ठेवला की माझी बोली बदलते.

तो आत येऊन माझ्यासमोर बसला. पान माझ्या हातातून घेऊन त्याने उजेडाकडे धरलं, गिऱ्हाईकाचा मोबाईल बघतो तसं.

"तुझा गडी पळणारा. माझा चालीला कमी. मी तशीबी हरलेच असते दादा. मग टेप कशाला?"

"तू नसतीस हरली," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पहिल्या आठवड्यात एकदा जिंकली होतीस. आठवत नाय तुला?"

मला आठवलं. रिमोट हातात घेऊन चार दिवस झाले असतील, झेपेचं तेव्हा मला कळलंही नव्हतं. मी कशीतरी पोरगीला कोपऱ्यात धरून आपटलं होतं आणि दोनदा आपटलं होतं. दादा तेव्हा म्हणाला होता की नवीन माणसाला खेळ पहिल्यांदा सवलत देतो, आपोआप, जपानी लोकांनी तशी सोय केलेली असते. तेही मी खरं मानलं होतं.

"चार दिवसांत तू मला मारलंस," दादा म्हणाला. "मी वर्ष-वर्ष खेळलेला. मुंबईत शेठ मला सगळ्यांदेखत म्हणायचा, तुझ्या हातात कायच नाय. मग हिकडं बोलावलं, म्हणजे तिथलंबी सुटलं. एक हा खेळ तेवढा मला येत होता."

"आणि माझा अंगठा जड?"

"ते आपलं असंच बोललो गो. तू एवढं मनावर घेशील असं नाय वाटलं."

"मी खो-खो सोडला."

"त्याचा काय संबंध?" त्याला खरंच कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला खरंच कळलं नाही.

आई सूप हातात घेऊन दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. मी तिला रबराचं पान दाखवलं आणि सांगू लागले, तर ती म्हणाली, "मला ठाव हाय."

मी दादाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"त्यानं टेप कापली तवा कातर मीच दिली व्हती," आई म्हणाली. "मी इचारलं, काय करतोस? बोलला, बायचा रिमोट जरा हळू करतो."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मुंबईसनं आला तवा जेवत नव्हता गो. भिंतीकडं तोंड करून पडायचा. तुझ्यासंगं बसला की हसायचा. संध्याकाळी त्याचं हसणं ऐकलं की मला बरं वाटायचं." तिने सूप खाली ठेवलं. "खेळच तो. तुझं काय गेलं त्यात?"

मी काय सांगणार होते तिला? खो-खोच्या संघाचं सांगितलं असतं तर तीही दादासारखंच बघत राहिली असती. "जड हाताची" म्हणताना ती जाणून म्हणत होती की विसरून, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. दोन्ही उत्तरं मला नको होती. दादाने फसवलं ते त्याच्या कमीपणातून, असं तरी म्हणता येतं. आईने दोन पोरांना समोर बसवून कुणाला हसवायचं ते निवडलं होतं, आणि मी चुलीवरच्या भाताची वाफ हुंगत, माझंही घर आहे असं समजून, अंगठा आपटत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे भरत होते तेव्हा दादा दोन्ही रिमोट घेऊन आला. माझ्या रिमोटमध्ये त्याने नवीन रबर घातलं होतं.

"बस," तो म्हणाला. "एक डाव. आता दोन्ही सारखे हायत."

मला बसायचं नव्हतं. तरी बसले, कारण मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. त्याने विचारलं, "पोरगी घेतेस?" मी नाही म्हटलं. महाडला मैत्रिणीकडे मी ती घेऊन बघितली होती. मला तिची चाल झेपत नव्हती. मी थांबायच्या जागी ती पुढे निघून गेलेली असायची आणि वार खायची. इतक्या वर्षांत माझ्या हाताला रेड्याचीच चाल लागली होती. मी रेडा घेतला, त्याने पोरगी.

पहिली फेरी दादाने जिंकली, नेहमीसारखी, पण दमून. दुसरीत मी झेप राखून ठेवली. तो निर्धास्तपणे नेहमीच्या अंतरावर येऊन थांबला, जिथे रेडा कधीच पोचत नसे, आणि मी तिथे झेपावून त्याला उचललं. तो "अरे" म्हणाला, हळूच. पुन्हा तसंच उचललं. फेरी माझी झाली. आई आतून बघत होती.

तिसऱ्या फेरीत दोघांचाही जीव उतरत उतरत शेवटाला आला. पोरगीने एक वार केला, मी तो हातावर झेलला. ती रेड्याच्या पकडीच्या किंचित बाहेर उभी होती. माझी झेप तिथे उपयोगाची नव्हती. एवढ्या जवळून घेतली असती तर तिने मधेच सुरी मारली असती. मला चालतच जायचं होतं. तिला फक्त मागचं बटण दाबायचं होतं. ती मागे जाताना सुद्धा रेड्यापेक्षा भरभर जाते, हे मला ठाऊक होतं आणि त्याला माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. मी पुढे पाऊल टाकलं, नुसतं तिला हलवायला. ती हलली नाही. मी दुसरं टाकलं. तरी उभी.

मी पडद्यावरून नजर काढून दादाच्या हाताकडे बघितलं. त्याचा अंगठा बटणावर नव्हता.

रेड्याने पोरगीला उचललं आणि आपटलं.

"जिंकलीस बघ," दादा म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. आई दारातून म्हणाली, "झालं आता समाधान?"

"तू थांबलास," मी म्हटलं.

"नाय गो."

"तू मागं गेला असतास तर मी पोचले नसते."

"मला सुचलं नाय. तू खरंच चांगली खेळतेस आता."

त्याने हे इतक्या प्रेमाने सांगितलं की एखाद्या नवख्या माणसाला खरं वाटलं असतं. मी रिमोट त्याच्या शेजारी ठेवला आणि पिशवी उचलली. ती निकालाची फेरी मला माझी म्हणता आली असती, हरले असते तरीही. ती त्याने माझ्या हातून काढून घेतली आणि बदल्यात मला जिंकवलं. बसमध्ये मला रडू आलं. शेजारची बाई शिवथरला घळीत जाऊन आली होती, तिने प्रसादाचे दोन दाणे माझ्या हातावर ठेवले.

आमचं बोलणं बंद वगैरे झालं नाही. त्याचं टेबल आता चांगलं चालतं. लोक लांबून मोबाईल घेऊन येतात, तो प्रामाणिक आहे असं सांगतात, आणि मोबाईलच्या बाबतीत तो आहेही. फोनवर तो माझी चौकशी करतो. आई मावशीकडे आली की माझ्यासाठी कुळीथाचं पीठ आणते. मी त्यांच्याशी नीट वागते. फक्त दोघांपैकी कुणी माझं कौतुक केलं की मी ते ऐकून सोडून देते.

खेळते मी अजून, मैत्रिणीकडे, रेडा घेऊनच. कॉलेजच्या स्पर्धेत एकदा उतरले आणि तिसऱ्याच फेरीत एका पनवेलच्या मुलाकडून हरून बाहेर पडले. त्याने मला शेवटपर्यंत एक पाऊलही फुकट दिलं नाही. मला ते फार आवडलं.

या शिमग्याला घरी गेले होते. पालखी येऊन गेल्यावर घर शांत होतं. दादाने यंत्र लावलं आणि विचारलं, "बसतेस?" मी म्हटलं, भांडी आहेत. मग तो एकटाच यंत्राविरुद्ध खेळत बसला. मी मागच्या दारी भांडी घासत होते आणि आई विसळून पालथी घालत होती. आतून बटणांचा आवाज येत होता.

"तुझी वाट बघत असतो गो तो," आई म्हणाली.

"आई, कढईला राख कमी पडली," मी म्हटलं. ती उठून राख आणायला गेली.